कढईपलीकडचा टेलिव्हिजन

शाळेत तिला सगळे केशरबाई म्हणत, घरात नुसती केशर. अमरावतीच्या नगरपालिकेच्या मुलींच्या शाळेत ती तिसरीचा वर्ग घेई. आवाज खणखणीत, चालणं भरभर, आणि हसू आलं की ते दाबायची अक्कल नाही, अशी तिची ख्याती होती. मोठ्या बाई वर्गावरून जाताना विचारत, "केशरबाई, गणित चाललंय की तमाशा?" त्यावर सगळा वर्ग हसे आणि हसणं थांबवणाऱ्यांत केशरचा नंबर शेवटचा असे.

अशा या हसऱ्या बाईला एकाच गोष्टीचं मनापासून वाईट वाटे. तिला सुट्टी म्हणून कधी मिळतच नसे. शाळेला कुलूप लागलं की दुसऱ्या दिवशी तिची रवानगी अकोल्याला, सासूकडे. पार्वताबाईंच्या घराला दोन खोल्या होत्या आणि वर ऐसपैस धाबं, म्हणजे मातीची गच्ची. हिवाळाभर त्या जिनात कापसावर काम करत. उन्हाळ्यात जिनं बंद पडली की त्यांचा सगळा जीव त्या धाब्यावर जाई. कुरड्या, पापड, शेवया, सरगुंडे, मुगाच्या वड्या. मे महिन्यात धाब्यावर पाऊल टाकायचं तर आधी जागा शोधावी लागे. गहू भिजवणं, ते पाट्यावर वाटणं, चीक काढणं, तो चुलीवर घोटणं, सोऱ्यात भरून दाबणं, आणि मग काठी घेऊन कावळे हाकणं, या सगळ्यासाठी पार्वताबाईंना एक जोडीदारीण लागे आणि ती ठरलेली होती. शाळा उघडायच्या सुमाराला केशर अमरावतीला परते तेव्हा तिच्या दंडाला गोळे आलेले असत आणि तोंडाचा रंग तव्यासारखा झालेला असे. सोबतच्या बाई विचारत, "सुट्टी कशी गेली?" केशर म्हणे, "वाळली."

सदुसष्ट सालच्या उन्हाळ्यात मात्र तिनं मनाशी वेगळंच काही ठरवलं होतं.

त्याला कारण तिचा दीर. श्रावण दिल्लीला केंद्र सरकारच्या कचेरीत कारकून होता. दिवाळीला तो घरी आला तेव्हा त्यानं टेलिव्हिजनची गोष्ट काढली.

"वयनी, रेडिओ ठीक हाय. पन याच्यात बोलनारा मानूस दिसते."

"दिसते म्हंजे? त्याचा फोटो लावते का?"

"फोटो कायचा! बोलता बोलता नाक खाजवते थो."

त्या एका नाक खाजवण्यानं केशरचं मन जे दिल्लीला गेलं ते माघारी आलंच नाही. वऱ्हाडात तेव्हा टेलिव्हिजन कोणी पाहिलेला नव्हता. दिल्लीतसुद्धा तो मोजक्या घरी होता आणि संध्याकाळी थोडाच वेळ चाले. केशरची इच्छा फार मोठी नव्हती. एक संध्याकाळ, सुरू झाल्यापासून बंद होईस्तोवर, हातात काही काम न घेता, मांडी घालून बसून टेलिव्हिजन पाहायचा. बस.

नवरा सूर्यभान बडनेऱ्याला रेल्वेत पॉइंटमन होता. त्याला रजा मिळणार नव्हती, पण घरच्यांसाठी पास मिळत होता. त्यानं पास तिच्या हातावर ठेवला आणि मिशीत हसला. "मास्तरीनबाई, पास तुमचा, सुट्टी तुमची. मायले मात्र तुमीच सांगा. माह्यात तेवढी हिंमत नाई."

दोन्ही मुलींना तिवशाला आजोळी सोडून केशर अकोल्याला आली आणि पाणी प्यायच्या आधीच तिनं सासूला सांगून टाकलं.

"दिल्लीले?" पार्वताबाई सुपातले गहू पाखडत होत्या, ते सूप हवेतच थांबलं. "अन् कुरड्या कोन करन? दिल्लीचं सरकार?"

"आत्याबाई, जयवंताले दिवस गेले. तिसरा महिना हाय. तिले तेलाचा वास सहन नाई होऊन राहिला. कोनी तरी जाले पायजे का नाई?"

जयवंता म्हणजे श्रावणची बायको. केशर खोटं बोलत नव्हती. फक्त दोन कारणांपैकी वजनदार कारण तिनं पुढं केलं होतं.

सूप खाली आलं. पार्वताबाईंनी थोडा विचार केला. "मंग मी बी येतो."

"या ना!"

"पन कुरड्या झाल्याबिगर मी घराबाहेर पाय टाकत नाई. सांगून ठेवतो."

मग त्या दोघींनी जे काम उपसलं त्याला अकोल्याची गल्ली साक्षी आहे. पहाटे चूल पेटायची, ऊन चढायच्या आत पातेलंभर चीक धाब्यावर जायचा. पार्वताबाई सोऱ्या फिरवून एकेक कुरडी घालत. लहान नाही, मोठी नाही, सगळ्या एका मापाच्या. केशर चीक घोटता घोटता मधेच एका वाटीत काढून घेई आणि वर तेल-तिखट घालून उभ्या उभ्या खाई.

"खाल्ला अर्धा चीक! कुरड्या कायच्या घालू, तुह्या बोटाच्या?"

"आत्याबाई, चव पाह्यली पायजे."

"चव एका बोटानं पाह्यतेत. तू त वाटीनं पाह्यून राहिली."

कुरड्या वाळल्या. त्या दोन मोठ्या पत्र्याच्या डब्यांत भरल्या गेल्या. आणि एका सकाळी सासू-सून अकोल्याच्या फलाटावर उभ्या राहिल्या. पार्वताबाईंनी छप्पन सालात नागपूरला जाताना नेसलेलं पांढरं लुगडं नेसलं होतं. मोठ्या प्रवासाला त्या तेच काढत. सामान म्हणजे एक वळकटी, फिरकीचा तांब्या, दशम्या आणि चुनाची, म्हणजे कोरड्या पिठल्याची, पुरचुंडी, आणि ते दोन डबे.

भुसावळला गाडी बदलल्यावर डब्यांनी खरी करामत केली. पार्वताबाईंनी ते बाकावर ठेवले होते, माणसांनी बसायच्या जागी. खंडव्याला एक जाडजूड गृहस्थ चढले.

"माताजी, ये डिब्बे नीचे रख दो. आदमी को बैठने दो."

"नीचे नहीं. टूट जाएँगे."

"काच है क्या?"

"काच से नाजूक."

गृहस्थ थोडे मागे सरले. शेजाऱ्याच्या कानात काही पुटपुटले. शेजारी उठून पलीकडे जाऊन बसला. केशरच्या लक्षात आलं तेव्हा तिला हसू आवरेना.

"आत्याबाई, त्याइले वाटून राहिलं का याच्यात काही स्फोटक गिटक हाय."

"वाटू दे. जागा त भेटली." पार्वताबाईंनी पाय पसरले.

इटारशीपर्यंत मात्र त्यांनाच राहवलं नाही. त्यांनी दशमी सोडली, ठेचा काढला आणि त्याच गृहस्थांना हाक मारून एक दशमी त्यांच्या हातावर ठेवली. ठेच्यानं त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. पुढचा सगळा प्रवास ते पार्वताबाईंना अम्मा म्हणत होते आणि दिल्लीला दोन्ही डबे त्यांनीच खाली उतरवले.

श्रावणचं क्वार्टर लहान पण नीटनेटकं होतं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खिडकीला वाळ्याचा पडदा, मागच्या दारी नळ. जयवंता बारीक चणीची, लाजरी मुलगी. सासू आणि जाऊ आलेल्या पाहून तिला रडूच फुटलं, आणि लगेच उलटी झाली, आणि मग तिघी हसायला लागल्या. पहिल्या दिवशी झोप काढली. दुसऱ्या दिवशी श्रावणनं त्यांना लाल किल्ला दाखवला. पार्वताबाई दिवाण-ए-आमपुढे बराच वेळ मान वर करून उभ्या राहिल्या. श्रावणला वाटलं, माय भारावली.

"केवढं धाबं हाय रे!" त्या म्हणाल्या. "याच्यावर कुरड्या घातल्या त साऱ्या अकोल्याले पुरतीन."

संध्याकाळी समोरच्या ओळीतल्या बीजींकडे जायचं होतं. बीजी म्हणजे साठीच्या, गोऱ्यापान, भरदार पंजाबी बाई. त्यांच्या भावाचं रेडिओचं दुकान होतं आणि त्यानं बहिणीला टेलिव्हिजन आणून दिला होता. बीजींचा स्वभाव असा की, एकटीनं पाहणं त्यांना पाप वाटे. रोज संध्याकाळी त्या ओसरीत सतरंज्या अंथरत आणि सगळी गल्ली येऊन बसे. टेलिव्हिजन स्वयंपाकघराच्या दाराशेजारी, भिंतीपासून थोडा पुढं ठेवलेला होता, तोंड अंगणाकडे.

केशर निळ्या काठाची नवी साडी नेसली. सर्वांच्या आधी जाऊन पुढच्या सतरंजीवर, अगदी मधोमध बसली. मांडी घातली. हात मांडीवर ठेवले. काच उजळली, रेघा थरथरल्या, आणि त्यातून एका बाईचा चेहरा वर आला. त्या बाईनं नमस्कार केला.

"केशर," मागून सासूची हाक आली. "ऊठ."

"काय झालं?"

पार्वताबाई उभ्या राहून मागं पाहत होत्या. ओसरी भरली होती, अंगण भरलं होतं, लोक पायऱ्यांवर बसले होते. "अवं, गंज मानसं आली बाप्पा. अन् कोनाच्या तोंडात काही नाई. एवढी मानसं दारात येतीन अन् सुक्या तोंडानं जातीन?"

"आत्याबाई, हे खायाले नाई आले. पाहाले आले."

"पाहाले आले त काय, पोट घरी ठेवून आले? जा, डबा आन."

वऱ्हाडातली माणसं तेवढी ही चूक करतात. घर कोणाचं, पाहुणे कोणाचे, याचा हिशोब त्यांना लागत नाही. दारात माणूस दिसला की हात आपोआप चुलीकडे जातो. पार्वताबाई स्वतःच पाहुणीच्या पाहुण्या होत्या, पण त्यांनी बीजींची परवानगी अशा थाटात मागितली की बीजी नाही म्हणूच शकल्या नाहीत. जयवंताला तेलाचा वास चालत नव्हता. बीजींना कुरडी म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. राहिली कोण?

केशर स्वयंपाकघरात गेली. पदर खोचला, स्टोव्ह पेटवला, कढई चढवली. तेल तापलं तशी पहिली कुरडी आत सोडली, आणि ती वितभर फुलून कढईभर झाली.

"हाय रब्बा!" बीजी ओरडल्या. "ये तो फूल बन गया!"

बाहेर परात गेली आणि ओसरीत नुसता कुर्रकुर्र आवाज सुरू झाला. भिंतीपलीकडून केशरला ऐकू येत होतं. आधी त्या बाईचा आवाज, मग सतार, मग कोणीतरी काहीतरी बोललं आणि सगळे हसले. दारातून तिला टेलिव्हिजनची पाठ दिसत होती. लाकडी पेटी, भोकाभोकांचा पत्रा, लोंबणारी वायर. आणि समोर बसलेल्यांच्या तोंडांवर निळसर उजेड नाचत होता. शेवटची परात बाहेर गेली तेव्हा तो उजेड विझला. लोक उठून कपडे झटकत होते.

दुसऱ्या दिवशी दुप्पट लोक आले.

तिसऱ्या दिवशी तर मागच्या गल्लीतलेही आले. टेलिव्हिजन त्यांच्या ओळखीच्या घरीही होता, पण तिथं कुरड्या नव्हत्या. पार्वताबाई आता सतरंजीच्या मधोमध बसू लागल्या होत्या, परात मांडीवर घेऊन, आणि टेलिव्हिजनकडे पाठ करून. त्यांना माणसं पाहायची होती. कोण कसं खातं, कोण मोडून खातं, कोण मुलाला देतं. "लो, लो. शरमाओ मत. और है." बीजी त्यांना लस्सी आणून देत. पहिल्या दिवशी तो पितळी पेला पाहून पार्वताबाईंनी विचारलं होतं, "हे पेला हाय का बालटी?" आता त्या तो एका दमात रिकामा करत.

केशर रोज कढईपाशी. घाम पुसत ती डब्यात वाकून पाही आणि मनातल्या मनात खूश होई. तळ दिसायला लागला होता. एका दुपारी डबा पुरता रिकामा झाला. त्या संध्याकाळी तिनं पुन्हा निळ्या काठाची साडी काढली, वेणी घातली, पावडर लावली. ओसरीत येऊन बसते न बसते तोच श्रावण दुसरा डबा खांद्यावर घेऊन हजर.

"आत्याबाई! हा डबा जयवंताचा व्हय ना? तिले वर्षभर पुराले?"

"जयवंताचं काय, थ्या पोरीले वासच नाई चालत. ऊठ, तेल तापव."

त्या संध्याकाळी पहिल्यांदा केशरला रडू आलं. रडू म्हणजे रागाचं. तळता तळता तिनं ठरवलं, उद्या सांगायचं. अकोल्यात तळा, दिल्लीत तळा, मग मी अकोल्यातच काय वाईट होते? वर्षभर पोरी सांभाळायच्या आणि सुट्टीत कुरड्या? उद्या मी कढईला हात लावणार नाही. तिसरीच्या मुलींना तंबी देताना लागतो तसा आवाज तिनं मनात तयार करून ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पार्वताबाई मागच्या दारी बाजेवर पडल्या होत्या. केशर त्यांच्यापाशी जाऊन उभी राहिली आणि तिनं तोंड उघडलं. पण सासूच आधी बोलली.

"थो म्हातारा पाह्यला का तू? बनियनवाला?"

बनियनवाले म्हणजे तिवारीजी. पोस्टातून निवृत्त झालेले, कडेच्या खुर्चीवर बसणारे. बनियनमधून त्यांचं जानवं दिसे.

"पाह्यला. त्याचं काय?"

"पयल्याच दिशी मी त्याले सांगून टाकलं. हात लांब केला न त्यानं कुरडीसाठी, तवा. म्हटलं, हम बौद्ध हैं, पहले बता देते हैं. बाद में मत बोलना की बताया नहीं."

केशरला हे ठाऊक नव्हतं. ती त्या वेळी भिंतीच्या पलीकडे होती. "मंग?"

"मंग काय. त्यानं कुरडी घेतली. अर्धी मोडून नातवाच्या तोंडात घातली. अर्धी खाल्ली. अन् म्हनते, अच्छा, अच्छा. माताजी, नमक थोड़ा कम है."

पार्वताबाई बाजेवर उठून बसल्या. त्यांच्या तोंडावर राग होता की हसू, केशरला कळेना.

"आमच्या गावात, नांदगाव खंडेश्वराकडं, बाया एकमेकीच्या आंगनात कुरड्या घालाले जात. या घरचा चीक वाटी भरून त्या घरी, त्या घरचा या घरी. आमी दुरून पाहो. माह्या सासूनं घातल्या त त्या आमीच खाव. कोनाले देवाव? कोन घेन? उमरभर माह्या हातच्याले लोकाइनं नाव ठेवलं थे या हाताच्या पायी. मिठाच्या पायी नाव ठेवनारा हा पयला मानूस भेटला मले." आणि मग एकदम आवाज चढवून, "अन् मीठ कमी नोतं! मीठ बरोबर होतं! म्हाताऱ्याची जीभच मेली हाय."

केशरनं मनात तयार ठेवलेला आवाज मनातच राहिला. ती म्हणाली, "त्याले आज एक जास्त द्या. दोन खाल्ल्या का कळन मीठ."

आणि संध्याकाळी तिनं स्वतःहून स्टोव्ह पेटवला. आता तिला राग येत नव्हता. पण इच्छा म्हणजे काही राग नव्हे. तो गेला म्हणून ती जात नाही. सतार वाजली की तिची मान दाराकडे वळे. एकदा तर ती टाचा उंचावून पेटीवरून डोकावून पाहायला गेली आणि दोन कुरड्या करपल्या.

परतायचा दिवस जवळ आला. सामानाची बांधाबांध चालली असताना श्रावणनं सहज विचारलं, "मंग वयनी, कसा वाटला टेलिव्हिजन? अमरावतीले जाऊन शाळेत सांगसान न पोरीइले?"

"सांगीन ना. लाकडाची पेटी असते. मागून भोकाभोकाचा पत्रा असते. वायर लोंबत असते."

"अन् पुढून?"

केशर कपड्यांच्या घड्या घालू लागली. श्रावण हसत होता, मग थांबला. "काल थे गानारी बाई होती. केवढा मोठा अंबाडा घातला होता! आपन सारे हासलो नाई का?"

"मी हसायचा आवाज आयकला."

"माय, तू सांग. होता का नाई अंबाडा?"

पार्वताबाई वळकटीची दोरी ओढत होत्या. त्यांचा हात थांबला. "मले काय माईत? माही त पाठ होती तिकडं." मग त्यांनी सुनेकडे पाहिलं. नीट पाहिलं. बोटाला तेलाचा चटका बसल्याचा डाग होता, साडीच्या निऱ्यांवर तेलाचे ठिपके होते. "केशर, तू एक बी दिवस नाई पाह्यला?"

"एकदा पाह्यला ना. एका बाईनं नमस्कार केला. मंग तुमी म्हटलं, ऊठ."

जयवंताला आधी हसू फुटलं. मग केशरला. मग श्रावणला. पार्वताबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी दोरीची गाठ मारली, ती सोडली, पुन्हा मारली.

त्या शेवटच्या संध्याकाळी बीजींच्या ओसरीत नेहमीसारखीच गर्दी झाली. केशर पदर खोचून स्वयंपाकघराकडे निघाली तर दारात पार्वताबाई आडव्या उभ्या.

"कुठी चालली?"

"तेल तापवाले."

"तेल तापलं. तू जाऊन बस."

"आत्याबाई, मंग परात कोन फिरवन? लोकाइले तुमच्या हातून..."

"एका दिवसानं कोनी मरत नाई. ना थे, ना मी. बस म्हटलं न तुले!"

हा आवाज केशरच्या ओळखीचा होता. कावळे हाकायचा आवाज. ती मुकाट्यानं जाऊन मधोमध बसली. मांडी घातली, हात मांडीवर ठेवले. काच उजळली. रेघा थरथरल्या. एक गृहस्थ आले, त्यांनी नमस्कार केला आणि ते शेणखताबद्दल बोलू लागले. शेतकऱ्यांचा कार्यक्रम होता. ढीग कसा लावावा, खड्डा किती खोल असावा. ते मधेच पाणी प्यायले, आणि मग खरोखरच त्यांनी नाक खाजवलं. केशर स्वतःशीच इतक्या जोरात हसली की शेजारची बाई दचकली.

भिंतीपलीकडून चर्र असा आवाज आला. वास सुटला. लोकांनी इकडेतिकडे पाहिलं. परात आली नाही. माताजी कुठं दिसत नव्हत्या.

आधी मागच्या पोरांपैकी कोणी उठलं. मग पायऱ्यांवरचे उठले. तिवारीजी नातवाचा हात धरून खुर्चीवरून उठले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभे राहिले. मग त्यांच्यामागं रांग लागली. "माताजी, इधर!" "माताजी, एक मुन्नी के लिए!" आतून पार्वताबाईंचा आवाज चढला, "धक्का मत मारो! सबको मिलेगी! तिवारीजी, अब बोलो, नमक कैसा है?"

"फर्स्ट क्लास, माताजी!"

"तो उस दिन क्या हुआ था जीभ को?"

रांगेत हशा पिकला. हळूहळू सगळी ओसरी तिकडे सरकली. शेवटी बीजीही उठल्या. शेणखत कोणाला पाहायचं होतं? केशर एकटी उरली. एवढ्या मोठ्या सतरंजीवर ती एकटी आणि समोर पूर्ण टेलिव्हिजन. कोणाचं डोकं मधे नाही, कोणाची वेणी नाही. तिनं पाय लांब केले. मग मागं हात टेकले. खताचे गृहस्थ फक्त तिच्याशीच बोलत होते आणि ती त्यांचं अक्षर अन् अक्षर ऐकत होती. तिच्या सबंध नोकरीत कोणत्याही मुलीनं तिचा धडा इतक्या लक्ष देऊन ऐकला नसेल.

"केशर!" आतून हाक आली. "तू खातं का कुरडी?"

केशरनं मान वळवली नाही. "खातो."

"मंग ये घेऊन जा!"

लग्नाला पंधरा-सोळा वर्षं झाली होती. या वर्षांत सासूनं हाक मारली आणि सून उठली नाही, असं एकदाही घडलं नव्हतं. केशरनं एक क्षण विचार केला. पडद्यावर आता गृहस्थ फावड्यानं ढीग सारखा करून दाखवत होते.

"इकडं आनून द्या," ती म्हणाली. "मी पाह्यून राहिली."

जयवंता तेलाच्या वासापासून दूर, अंगणाच्या दारात उभी होती, तिनं तोंडावर हात ठेवला. मग भांड्याचा आवाज झाला. पावलांचा आवाज झाला. पार्वताबाई एका थाळीत दोन कुरड्या घेऊन आल्या. तोंड घामानं निथळत होतं, पांढऱ्या लुगड्यावर तेलाचा मोठा डाग पडला होता. त्या केशरपुढे थांबल्या. खाली पाहिलं. पसरलेल्या पायांकडे पाहिलं.

"सरक थोडी," त्या म्हणाल्या.

केशर सरकली. पार्वताबाई तिच्याशेजारी बसल्या, टेलिव्हिजनकडे तोंड करून. एक कुरडी सुनेला दिली, एक आपण घेतली. थोडा वेळ त्यांनी त्या माणसाकडे डोळे बारीक करून पाहिलं.

"हा काय सांगून राहिला?"

"शेनखत कसं कराव ते."

"हे पाहाले आलो व्हय आपन दिल्लीले?"

"हो," केशर म्हणाली, आणि तिनं कुरडी मोडली. दोघींनी एकदमच खायला सुरुवात केली. त्या कुर्रकुर्र आवाजात गृहस्थ पुढं काय बोलले, खड्ड्यावर माती किती इंच टाकायची, ते दोघींपैकी एकीलाही ऐकू आलं नाही.